किलोमीटर वाढले, मग गाडी अडते कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देशात दरवर्षी हजारो किलोमीटर महामार्ग होतात, रेल्वेचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण होत आले, नव्या गाड्या धावू लागल्या. तरीही मालगाड्या तासन्‌तास लूपवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, उभ्या असतात, घाटात ट्रकच्या रांगा लागतात आणि बहुतेक माल रस्त्यानेच जातो. असे का होते, आणि पुढचा पैसा रेल्वेत घालावा की रस्त्यांत? शिवाय बीडच्या नव्या रेल्वेचे पुढे काय, हेही तुम्ही विचारले आहे.

मी तेहतीस वर्षे या कामात काढली. पहिली बावीस रेल्वेच्या पी-वे विभागात, म्हणजे रूळ, त्यांखालचे आडवे स्लीपर, खडी आणि पूल यांच्या सोबत; नंतरची अकरा महामार्गांच्या कामांवर देखरेख करणारा अभियंता म्हणून. दोन्हीकडे एकच गोष्ट दिसत राहिली. आपण विस्तार लांबीत मोजतो, पण वाहतूक किती होणार हे त्या लांबीतली सर्वांत अरुंद जागा ठरवते. ९० किलोमीटर उत्तम आणि १० किलोमीटर अडलेले असतील, तर लोकांना मिळतो तो त्या १० किलोमीटरचा रस्ता.

आधी रेल्वेचे पाहू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली गाडी धावली, हे शाळेपासून पाठ असते. १९५१ साली देशात सुमारे ५३,६०० किलोमीटर मार्ग होते, आज सुमारे ६९,००० आहेत. सत्तर वर्षांत वाढ तीस टक्क्यांच्या आसपास. हा आकडा पाहून लोक निराश होतात, पण तो अर्धेच सांगतो. या काळात मीटर गेज आणि नॅरो गेजचे हजारो किलोमीटर रुंद झाले (१९९२ पासून युनिगेज म्हणून ही मोहीम चालली), हजारो किलोमीटरचे दुहेरीकरण झाले, रूळ जड झाले. मार्गाची लांबी तीच राहिली तरी त्यावरून जाणारा माल अनेक पटींनी वाढला.

खरी अडचण अशी की हा सगळा भार सारखा पसरलेला नाही. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि हावडा यांना जोडणारे मार्ग आणि त्यांचे कर्ण, म्हणजे समोरासमोरची शहरे थेट जोडणारे मार्ग, धरले तर एकूण लांबीचा जेमतेम १६ टक्के भाग होतो. देशाच्या निम्म्याच्या आसपास वाहतूक त्यावरून जाते. तिथल्या बहुतेक टप्प्यांवर क्षमतेच्या शंभर टक्क्यांहून जास्त गाड्या चालतात. दूर कुठे नवा मार्ग टाकला तर तिथल्या लोकांचे भले होते, आणि ते व्हायलाच हवे. पण इटारसीच्या अलीकडे सिग्नलला थांबलेली मालगाडी त्यामुळे एक मिनिटही लवकर निघत नाही.

क्षमता कशी ठरते हे एकदा हिशेबाने पाहा, म्हणजे पुढचे सगळे सोपे जाईल. एकेरी मार्गासाठी स्कॉटचे सूत्र आम्ही नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकलो. दिवसाची १,४४० मिनिटे घ्या. सर्वांत लांब किंवा सर्वांत चढाच्या टप्प्यात, म्हणजे लगतच्या दोन स्टेशनांमध्ये, सर्वांत हळू गाडीला लागणारी मिनिटे आणि ब्लॉक देण्या-घेण्याची (म्हणजे पुढचा टप्पा मोकळा आहे हे दोन स्टेशनांनी एकमेकांना कळवण्याची) मिनिटे यांच्या बेरजेने १,४४० ला भागा. आलेल्या उत्तराच्या सत्तर टक्के धरा, कारण दुरुस्ती, बिघाड आणि उशीर यांना काही वेळ जाणारच. समजा मालगाडीला तो टप्पा कापायला २० मिनिटे आणि ब्लॉकला ५ मिनिटे लागतात. उत्तर येते ४० गाड्या, दोन्ही दिशांच्या मिळून. आता त्या टप्प्याच्या बरोबर मध्ये एक क्रॉसिंग स्टेशन, म्हणजे समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना ओलांडू शकतील असे स्टेशन, बांधा. २० ची १० मिनिटे झाली, आणि उत्तर ६७ वर गेले. एक लूप, दोन-चार सिग्नल आणि एक केबिन एवढ्यावर हे साधते. नवा मार्ग एक किलोमीटरही वाढत नाही. अर्थात कागदावरचे हे ६७ प्रत्यक्षात मिळत नाहीत, कारण आता शेजारचा टप्पा सर्वांत अरुंद ठरतो आणि घोडे तिथे पेंड खाते. मग त्याच्याकडे वळायचे. क्षमता वाढवण्याचे काम असेच गाठीमागून गाठ सोडवत चालते.

कोकण रेल्वे हे याचे चांगले उदाहरण. जानेवारी १९९८ मध्ये रोहा ते मंगळूरपर्यंत हा मार्ग पूर्ण सुरू झाला. नव्वदहून अधिक बोगदे, सुमारे दोन हजार पूल, कारबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, रत्नागिरीजवळ पानवलच्या दरीवरचा ६४ मीटर उंच पूल. इतक्या अवघड डोंगरात हा मार्ग एकेरी बांधला, आणि त्या काळच्या पैशात तेच शक्य होते. पुढे गाड्या वाढल्या आणि एकेक गाडी क्रॉसिंगसाठी ताटकळू लागली. संपूर्ण दुहेरीकरण म्हणजे तितकेच बोगदे पुन्हा खोदणे. म्हणून रोहा ते वीर हा तुलनेने सपाट भाग २०२१ मध्ये दुहेरी केला आणि पुढे सापे वामने, कळंबणी, कडवई अशी नवी क्रॉसिंग स्टेशने मध्ये घातली. बातम्यांत त्यांची फारशी चर्चा झाली नाही. माझ्या मते गेल्या काही वर्षांत कोकणातल्या प्रवाशाच्या वाट्याला आलेल्या सर्वांत उपयोगी कामांपैकी ते एक आहे.

घाटांचे गणित वेगळे. कर्जत ते लोणावळा हा बोरघाट १८६३ मध्ये आणि कसारा ते इगतपुरी हा थळघाट १८६५ मध्ये खुला झाला. बोरघाटाच्या कामावर एका वेळी चाळीस हजारांहून जास्त मजूर होते, आणि पटकीने व अपघातांनी त्यांतले हजारो दगावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल काम हाती घेताच वारला, तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालवले. त्या माणसांनी आखून दिलेला १:३७ चा चढ आजही आपल्या गाड्यांच्या वाट्याला येतो, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की एक मीटर वर. एवढ्या चढावर इंजिन एकट्याने गाडी ओढू शकत नाही, म्हणून मागून बँकर इंजिने लावायची, वर पोहोचल्यावर काढायची आणि ती पुन्हा खाली आणायची. बँकर लावण्या-काढण्यात मिनिटे जातात, आणि रिकामे उतरणारे बँकरही मार्गावरची जागा खातात. उतरताना वेग बांधलेला असतो. दोन्ही घाटांत तीन-तीन मार्गिका असूनही ते देशातल्या कठीण अडथळ्यांत मोडतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या सोलापूर आणि शिर्डीच्या वंदे भारत गाड्या बँकरशिवाय घाट चढतात, कारण त्यांच्या मोटारी एका इंजिनात नसून अनेक डब्यांखाली वाटलेल्या आहेत. मालगाडीला तो उपाय लागू पडत नाही. तिला सौम्य चढाचा नवा मार्ग आणि लांब बोगदेच हवेत. खर्च मोठा आहे, पण मुंबईच्या बंदरांमागचा सगळा देश या दोन नळ्यांतून श्वास घेतो, तेव्हा माझे मत विचाराल तर तो खर्च इतर अनेक कामांच्या आधी व्हावा.

आता एक गोष्ट, जी बाहेरच्यांना दिसत नाही आणि मला सर्वांत जास्त बोचते: देखभालीला वेळच उरत नाही. उन्हात रूळ तापतो तेव्हा काय होते ते पाहा. तापमान ३० अंशांनी वाढले तर एक किलोमीटर मोकळा रूळ जवळजवळ ३५ सेंटिमीटरने लांबेल. आपले रूळ जोडलेले, सलग असतात. त्यांना लांबायला जागा नसते. स्लीपर आणि त्याभोवतीची खडी त्यांना घट्ट धरून ठेवते आणि सगळा ताण रुळाच्या आत दबून राहतो. खडी कमी झाली, पॅकिंग सैल झाले, की मे महिन्यात दुपारी रूळ बाजूला वळवळतो. म्हणून टॅम्पिंग (स्लीपरखाली खडी ठोकून घट्ट बसवणे), खडी चाळणे, अल्ट्रासॉनिक तपासणी ही कामे ठरल्या वेळी व्हावी लागतात, आणि त्यासाठी ब्लॉक, म्हणजे गाड्या बंद ठेवून काही तास, मिळावे लागतात. ज्या मार्गावर क्षमतेच्या सव्वापट गाड्या आहेत तिथे कंट्रोलर ब्लॉक देणार कुठून? तो नाही म्हणतो, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही नाहीच म्हटले असते. मग पी-वेचा अभियंता आपल्या हातात असलेले एकच हत्यार काढतो: कॉशन ऑर्डर, म्हणजे वेग कमी करण्याचा आदेश, ताशी ३० किलोमीटर. पुढच्या चार गाड्या त्या दोनशे मीटरसाठी वेग कमी करतात आणि भरलेल्या मालगाडीला पुन्हा वेग पकडायला काही किलोमीटर लागतात. अशा रीतीने वेळ वाचवायला नाकारलेला ब्लॉक दुप्पट वेळ खातो. मी नवीन असताना आमच्या गँगचा मुकादम रोज सकाळी चावीवाला (रूळ पायी तपासणारा कामगार) परत आला की त्याला आधी पाणी द्यायचा आणि मग विचारायचा, ‘आज रूळ काय म्हणाला?’ त्या चावीवाल्याने आठ-दहा किलोमीटर पायी पाहिलेले कुठल्याही अहवालापेक्षा खरे असायचे. आज यंत्रे आली आहेत, चांगलीच आहेत, पण त्यांनाही ब्लॉक लागतोच.

इथे समर्पित मालवाहतूक मार्गिकेचे, म्हणजे फक्त मालगाड्यांसाठी बांधलेल्या मार्गाचे, महत्त्व कळते. लुधियाना ते सोननगर ही १,३३७ किलोमीटरची पूर्व मार्गिका आणि दादरी ते जवाहरलाल नेहरू बंदर ही १,५०६ किलोमीटरची पश्चिम मार्गिका. जुन्या मार्गावर अ‍ॅक्सलला (चाकांच्या एका आसावर) साधारण २२.९ टनांची मर्यादा, इथे २५ टन. आणि पश्चिमेकडे विजेची तार इतकी उंच बांधली आहे की कंटेनरवर कंटेनर रचून गाडी जाते. लोक तिच्याकडे फक्त वेगवान मालगाडी म्हणून पाहतात. मला तिचा दुसरा फायदा जास्त मोलाचा वाटतो: मालगाड्या तिकडे गेल्या की जुन्या मार्गावर प्रवासी गाड्यांना जागा होते आणि पी-वेला ब्लॉक मिळतो. मात्र पश्चिम मार्गिकेचा जो टप्पा बंदराला भिडतो, वैतरणा ते जेएनपीटी (जवाहरलाल नेहरू बंदर) हा सुमारे १०० किलोमीटरचा, तोच सर्वांत शेवटी राहिला. वसई, भिवंडी, पनवेल या पट्ट्यात दाट वस्ती, डोंगर, खाड्या आणि सोन्याच्या भावाची जमीन आहे. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप त्या बंदराचाच दुवा शेवटी जोडला जातो.

तरी माल ट्रकने का जातो? स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत देशातल्या मालाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग रेल्वेने जात असे. आता तो ३० टक्क्यांच्याही खाली आहे. राष्ट्रीय रेल्वे योजनेने २०३० पर्यंत ४५ टक्क्यांचे लक्ष्य ठेवले. मार्ग अपुरे हे एक कारण आहेच. दुसरे कारण मालधक्क्यावर दिसते. कोळसा, लोखंडाचे खनिज, सिमेंट असा माल पूर्ण रेकने, म्हणजे एका मालाने भरलेल्या अख्ख्या गाडीने, जातो आणि रेल्वेला परवडतो. पण ज्याच्याकडे तीन ट्रक कांदा किंवा दोन कंटेनर यंत्राचे भाग आहेत, त्याने ५८ वाघिणी कशा भरायच्या? त्याला माल आधी ट्रकने धक्क्यावर न्यायचा, उतरवायचा, रेकची वाट पाहायची, पलीकडे पुन्हा ट्रक करायचा. शेड गळके, पोचरस्ता चिखलाचा, रात्री दिवे नाहीत, हे मी किती ठिकाणी पाहिले त्याची गणती नाही. त्याउलट ट्रक त्याच्या दारातून निघतो आणि गिऱ्हाइकाच्या दारात उभा राहतो. भाड्याचा फरक हाताळणीतच संपतो. म्हणून मी प्रत्येक बैठकीत एकच सांगत आलो: नव्या मार्गाच्या अंदाजपत्रकात मालधक्का शेवटच्या पानावर नको.

रस्त्यांकडे वळतो. देशात सुमारे ६३ लाख किलोमीटर रस्ते आहेत. राष्ट्रीय महामार्ग त्यातले सुमारे १ लाख ४६ हजार, म्हणजे दोन टक्क्यांच्या थोडे वर, पण रस्त्यावरच्या वाहतुकीचा सुमारे ४० टक्के भार त्यांच्यावर. सुवर्ण चतुष्कोनाच्या ५,८४६ किलोमीटरांनी देशाचे चलनवलन बदलले हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे, आणि २००० च्या डिसेंबरात सुरू झालेल्या ग्रामसडक योजनेने तर खेड्यातल्या बाळंतिणीला दवाखान्यापर्यंत पोचवले. त्या कामाबद्दल माझ्या मनात निव्वळ आदर आहे. काळजी वाटते ती त्या रस्त्यांच्या आयुष्याची.

१९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात रस्त्यांवर ट्रक सतत फिरवून एक मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला नियम आजही आमच्या आखणीचा पाया आहे: रस्त्याचे नुकसान अ‍ॅक्सलवरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. मोटारीच्या एका अ‍ॅक्सलवर अर्धा टन आणि ट्रकच्या अ‍ॅक्सलवर दहा टन धरा. वजन वीसपट, नुकसान १ लाख ६० हजार पट. म्हणजे रस्ता मोटारींनी झिजत नाही, तो जड ट्रकांनीच झिजतो. २०१८ मध्ये आपल्याकडे चार टायरच्या एका अ‍ॅक्सलची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. भार वाढला तेरा टक्के. चौथ्या घाताने हिशेब केला तर एका फेरीचे नुकसान साठ टक्क्यांनी वाढले. जे रस्ते जुन्या मर्यादेवर आखले होते त्यांचे डांबर तेवढ्या लवकर थकणार. त्यावर बेकायदा जादा भार वेगळाच. एक पूर्ण रेक साडेतीन हजार टनांच्या पुढे माल नेतो, म्हणजे वीस टनी ट्रकांच्या पावणेदोनशे-दोनशे फेऱ्या. तो माल रुळावर गेला की रेल्वेला उत्पन्न मिळते आणि रस्त्यालाही आयुष्य मिळते. रेल्वे की रस्ता, या प्रश्नाचे अर्धे उत्तर या गणितात आहे.

भारानंतर रस्त्याचा दुसरा शत्रू पाणी. मराठवाड्यातल्या एका चौपदरीकरणात काळ्या मातीतून भराव चालला होता. नकाशावर जिथे ओढा होता तिथे आम्ही मोरी धरली होती. शेजारच्या शेतातला म्हातारा दोन दिवस नुसता पाहत उभा होता, तिसऱ्या दिवशी म्हणाला, ‘साहेब, पाणी इथून जात नाही. मोठा पाऊस झाला की त्या चिंचेकडून येतं.’ आम्ही लेव्हल पुन्हा घेतल्या. त्याचे बरोबर होते. बांध फुटल्यापासून ओढ्याने वाट बदलली होती. एक जादा मोरी टाकली आणि पुढच्या पावसाळ्यात तिच्यातून कमरेइतके पाणी गेले. ती नसती तर भरावाने धरणासारखे पाणी अडवले असते, काळी माती फुगली असती आणि वर्षाच्या आत रस्ता लाटांसारखा झाला असता. तेव्हापासून प्रत्येक कामावर मी आधी बांधावरच्या माणसांशी बोलायला सांगतो.

आणि मग जमीन. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानंतर शेतकऱ्याला पूर्वीपेक्षा खूप चांगला मोबदला मिळतो, ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत. हे न्याय्यच आहे. ज्याची जमीन जाते त्याने विकासासाठी फुकट त्याग करावा असे म्हणणे मला कधीच पटले नाही. तरी एका कामावर बावन्न किलोमीटरपैकी एक्कावन्न तयार होऊन आम्ही तीन वर्षे एका किलोमीटरसाठी थांबलो. सातबाऱ्यावर मयत आजोबांचे नाव, वारस सात, त्यातले दोघे परगावी, भावाभावांचा दावा न्यायालयात. पैसे तयार होते, घ्यायला कायदेशीर माणूस नव्हता. तोवर सगळी वाहतूक गावातल्या जुन्या रस्त्याने, शाळेसमोरून जात राहिली. मोजणी आणि वारसनोंदी निविदेच्या दोन वर्षे आधी सुरू करा, हे सांगायला अभियंता लागत नाही, पण होत नाही.

समृद्धी महामार्गाचे टप्पे पाहिलेत तर तोच नमुना दिसतो. ७०१ किलोमीटरपैकी नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर डिसेंबर २०२२ मध्ये खुले झाले. मार्च २०२४ पर्यंत इगतपुरी गाठली. उरलेले इगतपुरी ते आमणे हे ७६ किलोमीटर जून २०२५ मध्ये पूर्ण झाले, कारण त्यात सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आणि दऱ्यांवरचे उंच पूल होते. दीडशे वर्षांपूर्वी रेल्वेला ज्या सह्याद्रीने अडवले त्याच ठिकाणी रस्ताही अडला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खंडाळ्याच्या घाटाला टाळण्यासाठी आखलेली १३.३ किलोमीटरची मिसिंग लिंकही याच जातीचे काम. लांबी किरकोळ, पण तिच्यावाचून बाकीच्या रस्त्याचे सहा पदर घाटात येऊन गुदमरतात.

तेव्हा पैसा कुठे घालावा? साधारण तीनशे-चारशे किलोमीटरच्या पुढचा जड माल रुळावर न्यावा, त्यासाठी गर्दीच्या मार्गांवर तिसरी-चौथी मार्गिका, स्वयंचलित सिग्नल आणि मोठ्या जंक्शनांच्या यार्डांची फेररचना आधी करावी. रस्त्यांत नव्या लांबीइतकाच पैसा असलेल्या रस्त्यांच्या मोऱ्या, साइडपट्ट्या आणि नूतनीकरणाच्या थराला राखून ठेवावा. आणि ज्या जिल्ह्यांना आजवर काहीच मिळाले नाही त्यांच्यासाठी हा नफ्या-तोट्याचा हिशेब लावू नये.

तुम्ही शेवटी बीडबद्दल विचारले होते. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. आष्टीपर्यंत गाडी २०२२ मध्ये आली आणि बीडला सप्टेंबर २०२५ मध्ये. मंजुरीच्या वर्षी जन्मलेले मूल तीस वर्षांचे झाल्यावर त्या शहराने पहिली गाडी पाहिली. आता तिथे डेमूच्या (कमी अंतराच्या डिझेल प्रवासी गाडीच्या) फेऱ्यांच्या पुढे पाहायला हवे. परळीकडचा टप्पा जोडला की औष्णिक केंद्र, सोलापूर-लातूरकडचा माल आणि मनमाडकडचे मार्ग यांच्यामध्ये एक नवी वाट तयार होते. बीडच्या स्टेशनात कापूस आणि सोयाबीनसाठी पक्का मालधक्का, त्याला जोडणारा काँक्रीटचा पोचरस्ता आणि पूर्ण रेक मावेल एवढी साइडिंग (माल चढवण्या-उतरवण्यासाठी बाजूचा रूळ) यांची मागणी तुमच्याकडच्या बाजार समितीने आत्ताच लेखी करावी. यार्डाची आखणी एकदा गोठली की तिच्यात एक लूप वाढवायला पुढची दहा वर्षे जातात.